स्टँबॉ आजोबांची टू-टू

पिकरेल रनच्या बंदूक क्लबात एक अलिखित नियम होता. दुसऱ्याच्या जुन्या रायफलीला हात लावायचा तर आधी मालकाकडे रुमाल मागायचा. घामाचं बोट नळीला लागलं की गंज चढतो, असं कारण सांगत. खरं कारण निराळं. रुमाल मागताना समोरच्याला थोडं नमतं घ्यावं लागतं, आणि त्याचं ते नमणं बघायला वर्लिन स्टँबॉला फार आवडायचं.

वर्लिन साठी कधीच ओलांडून गेलेला. जन्मभर विम्याचं काम केलेला. पेनसिल्व्हेनियातल्या त्या डोंगराळ काउंटीतल्या निम्म्या कोठारांचा विमा त्याने उतरवला होता, आणि उरलेल्या निम्म्यांपैकी ज्यांना आग लागली तिथे 'मी आधीच सांगत होतो' एवढं म्हणायला तो जातीने गेला होता. निवृत्त झाल्यावर सांगायला काही उरलं नाही, तेव्हा त्याने रायफल धरली.

धरली म्हणजे हातात नव्हे. रायफल काचेच्या कपाटात असायची. पॉइंट टू टू. खारी-सशांची बंदूक. तिचं काडतूस करंगळीच्या पेराएवढं, बुडाच्या कडेवर टोचा बसला की उडणारं. धक्का इतका कमी की खांद्याला पत्ताही लागत नाही. त्या भागात पोरांच्या हातात पहिली बंदूक द्यायची ती हीच. वर्लिनची मात्र पोरांच्या हातात देण्यातली नव्हती. ती त्याच्या आजोबांची, एझ्रा स्टँबॉची. नळी आठकोनी, दस्ता अक्रोडाच्या लाकडाचा. नळीखालची लाकडी मूठ मागे-पुढे ओढली की 'खटाक-खटाक' करून नवं काडतूस चढायचं. नळीवरचा निळसर मुलामा झिजून तपकिरी पडलेला. या झिजेला क्लबात 'मूळ' म्हणत. मूळ झीज, मूळ स्क्रू, मूळ डाग. चर्चमध्ये 'आमेन' म्हणावं तितक्या भक्तिभावाने तिथे 'मूळ' म्हटलं जाई. एखाद्याने हौसेने बंदुकीला पॉलिश केलं तर त्याच्या घरी माणसं समाचाराला जावीत तशी जात.

"मग माझ्या सुरकुत्यासुद्धा मूळच की रे," वर्लिनची बायको नाडीन एकदा म्हणाली होती. "माझ्यासाठी काचेचं कपाट कधी करतोयस?"

वर्लिन दस्त्याला जवसाचं तेल चोळत राहिला.

दरवर्षी जूनमध्ये एका रविवारी क्लबात जुन्या टू-टूंचा मेळावा भरायचा. लांबलचक टेबलांवर हिरवं कापड अंथरायचं, त्यावर रायफली मांडायच्या, आणि प्रत्येक मालकाने उभं राहून आपली रायफल आपल्याला का प्रिय ते सांगायचं. कुणी काहीही सांगायला सुरुवात करो, तिसऱ्या वाक्याला गाडी तीसच्या दशकातल्या मंदीवर यायची आणि पाचव्या वाक्याला आजोबा या रायफलीने खारी मारून सगळ्या कुटुंबाला जगवायचे. क्लबातल्या सगळ्या आजोबांनी मारलेल्या खारी एकत्र मोजल्या असत्या तर काउंटीत झाडावर पान उरलं नसतं, नुसत्या शेपट्या दिसल्या असत्या.

ऑरिन क्लाइनफेल्टरची रायफल लोकरीच्या लांब मोज्यात असायची. ती एकदाही उडवलेली नाही, हा तिचा सर्वांत मोठा गुण. तिचं मूळ पुठ्ठ्याचं खोकंही त्याच्याकडे होतं आणि त्याचं प्रेम रायफलीपेक्षा खोक्यावर जास्त होतं. खोक्याचं झाकण दाखवताना तो आवाज खाली आणायचा. डेल्मर फाइकची रायफल एका वेळी एकच काडतूस घेणारी, दस्ता मधोमध मोडलेला आणि काळ्या चिकटपट्टीने बांधलेला. "पट्टीसुद्धा मूळच आहे," असं तो सांगायचा, आणि दोन-तीन वर्षांनी पट्टीचा रंग बदललेला दिसायचा.

पण गोष्ट सांगावी ती वर्लिननेच. एझ्रा आजोबा ओढ्याच्या अलीकडे उभे. पलीकडे शाळा. शाळेच्या पायरीशी पिसाळलेला कुत्रा, आत पोरं रडताहेत, मास्तरीण बाकावर चढलेली. आजोबांनी रायफल उचलली, एक गोळी, आणि कुत्रा आडवा. मग वर्लिन रायफल उलटी धरून दस्त्याच्या टोकाजवळची खोलगट खूण दाखवायचा. "हा त्या कुत्र्याचा दात."

पहिल्यांदा गोष्ट सांगितली तेव्हा ओढा उडी मारून ओलांडण्याएवढा होता. पुढे त्याला पूल लागू लागला. अलीकडे तर नावेशिवाय काम भागत नव्हतं.

"कुत्रा ओढ्यापलीकडे मेला," नाडीनने एकदा गाडीतून घरी जाताना विचारलं होतं, "मग अलीकडे असलेल्या बंदुकीला चावला कधी?"

"तुला बंदुकीतलं काही कळत नाही," वर्लिन म्हणाला होता.

या वर्षी मात्र क्लबाचा अध्यक्ष बदलला होता. ट्रूडी वेंट्झ, हायस्कूलची निवृत्त मुख्याध्यापिका, क्लबाच्या इतिहासातली पहिली बाई. निवडणुकीच्या दिवशी दोन्ही पुरुष उमेदवार एकमेकांशी भांडून घरी निघून गेले, म्हणून ती निवडून आली. तिने मेळाव्याच्या दिवशी दारावर पाटी लावली: आधी नेम, मग गोष्ट. कुंपणाच्या आडव्या लाकडावर सहा रिकामे डबे मांडले होते. प्रत्येकाने आपल्या लाडक्या रायफलीने ते पाडायचे. किती पडले ते महत्त्वाचं नाही. पण ज्याची रायफल उडणारच नाही, त्याने गोष्ट सांगायची नाही.

पाटी वाचून हॉलमध्ये शोककळा पसरली.

"आज हवा दमट आहे," ऑरिन म्हणाला.

"ऑरिन, बंदूक आहे की पापड?" ट्रूडी म्हणाली.

"माझा खांदा दुखतो," डेल्मर म्हणाला.

"टू-टूच्या धक्क्याने? अरे, माझी नात शिंकली तरी याहून जास्त हादरा बसतो."

ऑरिनने सरळ सांगितलं की त्याची रायफल आजवर उडालेली नाही आणि आजही उडणार नाही. नवरीला बोहल्यावरून कुणी उचलून न्यावं, तसा तो ती मोज्यात घालून, खोकं पोटाशी धरून कोपऱ्यात जाऊन बसला. वर्लिनला यात मजा वाटली. त्याला स्वतःच्या रायफलीची चिंता नव्हती. एवढ्या पिसाळलेल्या कुत्र्याला आडवं करणारी बंदूक डब्यांना कशाला भिईल? गेल्या तीस वर्षांत आपण ती उडवलेली नाही, ही गोष्ट त्याच्या ध्यानातच नव्हती. ओढ्याकाठी आजोबांऐवजी आपणच उभे होतो, असं त्याला आता आतून वाटू लागलं होतं.

तेवढ्यात हॉलच्या दारातून त्याची थोरली बहीण आत आली आणि वर्लिनचा हात आपोआप रायफलीवर गेला.

ओपल त्याच्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. नवरा वारल्यावर बापाच्या शेतावरच राहिलेली, उंच, हाडकुळी, पुरुषी बूट घालणारी. भाऊ-बहिणीत गाडीने दहा मिनिटांचं अंतर, पण दोघं भेटायची ती कुणाच्या तरी दफनाला. "थंडी पडली," असं एकाने म्हणायचं. "पडायचीच," असं दुसऱ्याने. बाप गेल्यापासून हेच चाललेलं. वर्लिनला कारण पक्कं ठाऊक होतं. ओपलला रायफल हवी होती. लहानपणी नेम तिचा चांगला, बापाबरोबर रानात जायची ती, आणि रायफल मात्र आली मुलाकडे. त्या दिवसापासून ती मनात धरून बसली आहे, असं तो नाडीनला सांगायचा. कपाटाला त्याने दुसरं कुलूप लावलं ते तिच्याच नावाने. "मी डोळे मिटले की ही व्हॅन घेऊन दारात उभी राहील बघ," असंही म्हणायचा.

ट्रूडीने ओपलला चर्चमधल्या बायकांच्या गोधड्या शिवायच्या मंडळातून ओढून आणलं होतं. बीटच्या आंबट पाण्यात मुरवलेल्या लाल अंड्यांची बरणी तिने जेवणाच्या टेबलावर ठेवली, बोटांचा लाल रंग पँटला पुसला आणि भावाकडे बघून मान हलवली.

"उकडतंय," ती म्हणाली.

"उकडायचंच," वर्लिन म्हणाला.

बाहेर नेमबाजी सुरू झाली. डेल्मरच्या पहिल्या गोळीने कुंपणाचा खिळा उडाला, दुसरी कुठे गेली ते देवाला ठाऊक, तिसरी दगडावर आपटून एका डब्याला मागून लागली. डेल्मरने टोपी काढून लोकांना अभिवादन केलं. मग वर्लिन पुढे झाला. त्याने खिशातून पुठ्ठ्याची जुनाट डबी काढली.

"काडतुसंसुद्धा आजोबांच्या वेळची," तो सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला. "मूळ."

ऑरिनने हॉलच्या दारातून मत्सराने मान उंच केली. त्यालाही डबीच बघायची होती.

वर्लिनने रायफल खांद्याला लावली, एक डोळा मिटला, चाप ओढला. 'टिक' झालं. त्याने मूठ ओढली, काडतूस गळून खाली पडलं. पुन्हा चाप. 'टिक'. तिसऱ्यांदा फुसकन आवाज झाला, नळीतून भुरकट धूर आला आणि गोळी बहुधा नळीच्या टोकाशी विचार करत थांबली.

"मागे हो, वर्लिन, नळी खाली धर," ट्रूडी पुढे येत म्हणाली. तिने नळीत सळई घालून अडकलेली गोळी बाहेर ढकलली आणि आपल्या पिशवीतली नवी काडतुसं त्याच्या हातावर ठेवली. "आजोबांना आराम करू दे. ही घे."

नव्या काडतुसांनी रायफल उडाली. चांगली सहा वेळा उडाली. सहाही डबे जागच्या जागी राहिले. मागच्या टेकाडावरची माती मात्र सहा ठिकाणी उडाली आणि तिथला एक कावळा शेजारच्या झाडावर जाऊन बसला, तोही काही फार घाईने नव्हे.

"ऊन डोळ्यांवर येतंय," वर्लिन म्हणाला. आकाशात ढग होते.

"डोळ्यांचा त्रास असेल तर घरातल्या माणसाने मारलं तरी चालेल," ट्रूडी म्हणाली. "रायफल उडाली, एवढं खरं. पण डबे पाडायला हवेच असतील, तर तुझी बहीण आहे की इथे."

वर्लिनच्या तोंडचं पाणी पळालं. नाही म्हणावं तर सगळा क्लब बघतोय. त्याने खिशातून रुमाल काढून पुढे केला. ओपलने रुमाल घेतला, त्याला नाक पुसलं आणि परत दिला.

"अगं, हात! तुझे हात लाल आहेत!"

"बीट आहे रे. रक्त नाही."

तिने रायफल घेतली. घेतली ती अशी, की जणू कालच ठेवली होती. नळीच्या टोकावरच्या माशीकडे, म्हणजे नेम धरायच्या खुंटीकडे, एकदा बघितलं. "ही डावीकडे वाकलीय. कुठेतरी पाडलीस?"

"मी? मी तिला हातसुद्धा लावत नाही!"

"तेच म्हणते मी."

मग खटाक-खटाक, खटाक-खटाक. लोकांनी पहिला डबा पडताना बघितला आणि दुसरा बघायला मान वळवेपर्यंत चौथा खाली होता. शेवटचा जरा डगमगला, पडला नाही. ओपल वाट बघत थांबली. मग तोही आपणहून पडला. टाळ्या वाजल्या, डेल्मरने शिट्टी मारली. वर्लिननेही टाळ्या वाजवल्या, कारण न वाजवणारा तो एकटाच उठून दिसला असता.

आत सगळे जेवणाच्या ताटल्या घेऊन बसल्यावर ट्रूडी म्हणाली, "हं वर्लिन, आता गोष्ट."

वर्लिनने घसा खाकरला. रायफल आपल्या हातात परत आल्याने त्याला धीर आला होता. आणि ओढा या वर्षी जरा जास्तच रुंद झाला. पाणी तांबडं, चढलेलं, त्यात ओंडके वाहत होते. मास्तरीण बेशुद्ध. आजोबांनी एक गोळी झाडली. मग त्याने रायफल उलटी केली. "आणि ही बघा. त्याच्या दाताची खूण."

टेबलाच्या टोकाला ओपल अंडं खात होती. ती आधी हसली ती अगदी हळू, पण तोंडात घास होता, त्यामुळे तिला ठसका लागला. शेजारच्या बाईने पाठीवर थोपटलं.

"काय झालं, ओपल?" ट्रूडीने विचारलं.

"काही नाही. सांगू दे त्याला."

"नाही, सांग ना," डेल्मर म्हणाला. त्याची पट्टीबांधली रायफल आज पहिल्यांदाच कुणाहून तरी वरचढ ठरायची वेळ आली होती.

ओपलने ओठ पुसले. "अहो, तो दात नाही. ते मी केलंय. एका उन्हाळ्यात कोंबड्यांच्या खुराड्याची कडी मोडली होती, तर मी रोज संध्याकाळी बंदुकीचा दस्ता दाराला टेकवून ठेवायची. दारात बिजागरीचा स्क्रू वर आला होता, त्याने लाकूड खाल्लं. बाबांनी बघितलं तेव्हा असे रट्टे दिले मला, की दोन दिवस उभ्याने जेवले."

"आणि कुत्रा?" कुणीतरी विचारलं.

"आजोबांचा कुत्रा होता की. मोझ. म्हातारा होऊन स्वयंपाकघरातल्या चटईवर मेला. दात नव्हतेच त्याला. आजी त्याला पाव दुधात भिजवून घालायची."

हॉलमध्ये हशा फुटला. लोक टेबलावर हात आपटून हसले. ऑरिनचं खोकं मांडीवरून खाली पडलं, तरी तो हसत राहिला, यावरून काय ते समजावं. नाडीनने चेहरा ताटलीत घातला होता, पण तिचे खांदे हलत होते. वर्लिन उभाच होता. हातात उलटी धरलेली रायफल, आणि सगळे त्या खुणेकडे आता अशा नजरेने बघत होते की त्यांना त्यात कोंबड्या दिसत होत्या.

तो रायफल घेऊन बाहेर पडला.

ओपल मागोमाग आली. तो गाडीचं मागचं दार उघडून रायफल पेटीत ठेवायच्या खटपटीत होता, आणि पेटीची कडी काही केल्या लागत नव्हती.

"वर्लिन, अरे, मी तुला हसायला नाही आले. ते मला विचारलं म्हणून—"

"घे!" त्याने रायफल पेटीतून काढून तिच्या अंगावरच धरली. "घे, ने घरी! हेच पाहिजे होतं ना तुला? तीस वर्षं हेच पाहिजे होतं. चारचौघांत माझी शोभा करून मिळवलीस. ने!"

ओपल रायफलीकडे बघत राहिली. मग त्याच्याकडे.

"ही? मी काय करू हिचं?"

"काय करू म्हणजे?"

"माझ्याकडे आहे की. हायवेवरच्या मोठ्या दुकानातून आणली. दस्ता प्लास्टिकचा. चिखलात पडली तर नळाखाली धुते. पावसात कोठारात राहिली तरी कुरकुरत नाही. ही तुझी बाई नाजूक. हिच्यासाठी मला रुमाल शिवत बसावं लागेल."

वर्लिनचं तोंड उघडं राहिलं. तीस वर्षं त्याने एका चोराच्या भीतीने पहारा दिला होता, आणि चोराला घरात काही नेण्याजोगं दिसतच नव्हतं. हा अपमान डब्यांपेक्षा आणि कुत्र्यापेक्षा मोठा होता.

"मग माझ्याशी बोलत का नाहीस?" त्याने विचारलं. आवाज भांडणाचा काढायला गेला, पण निघाला तो लहान मुलाचा.

"मी बोलत नाही? तू हवेशिवाय काही बोलतोस?"

"बाबा गेल्यापासून तू तोंड फिरवलंस. बंदुकीवरून."

"बंदुकीवरून!" ओपलने मान हलवली. ती गाडीच्या बॉनेटला टेकली. आतून अजून हसण्याचा आवाज येत होता. "बरोबर आहे तसं म्हटलं तर. बंदुकीवरूनच. बाबांना पुरून आपण घरी आलो. माणसं स्वयंपाकघरात कॉफी पीत होती, ट्रूडीची आई बशा धूत होती. तू वर गेलास. मला वाटलं, बाबांच्या खोलीत जाऊन रडतोयस. मी बायकांना म्हटलं, कुणी वर जाऊ नका, त्याला थोडं एकटं राहू द्या. आणि तू ही ब्लँकेटात गुंडाळून मागच्या जिन्याने उतरलास. खिडकीतून दिसलास मला. गाडीत ठेवलीस, वर तिला सीटचा पट्टा लावलास. लहान मुलाला लावतात तसा."

वर्लिनने जमिनीकडे बघितलं.

"बाबा अंथरुणावर होते त्या हिवाळ्यात तू घरी किती वेळा आलास?" तिने विचारलं.

"रस्त्यावर बर्फ होता, ओपल. टेकडीचा रस्ता—"

"बर्फ माझ्यावरही पडत होता. मी त्यातून लाकडं आणायची, बाबांचे कपडे धुवायची. विम्याची माणसं भेटायला तू त्याच टेकडीवरून जायचास. हॉर्न वाजवायचास खालून. बाबा म्हणायचे, 'वर्लिन गेला वाटतं.'"

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"तेव्हा बोलले असते तर तू मला काहीतरी विकलं असतंस," ओपल म्हणाली आणि आपल्या ट्रककडे गेली. अंड्यांची बरणी तिने हॉलमध्येच सोडली.

घरी जाताना गाडीत वर्लिन म्हणाला, "तुला माहीत होतं?"

"काय?"

"ती कशावर रागावलीय ते."

"वर्लिन," नाडीन म्हणाली, "त्या दिवशी गाडीत मी होते. तू बंदुकीला पट्टा लावलास तेव्हा मागच्या सीटवर जागा नव्हती म्हणून चर्चमधून आलेलं जेवण मी मांडीवर घेतलं होतं. गरम होतं. मी म्हटलंही, आज राहू या इथे. तू म्हणालास, उशीर होईल, तिला तेल लावायचंय."

वर्लिनला ते आठवत नव्हतं. पिसाळलेला कुत्रा, तांबडा ओढा, बाकावर चढलेली मास्तरीण, हे सगळं त्याला स्वच्छ आठवत होतं.

त्या आठवड्यात त्याने कपाट दोनदा उघडलं आणि तेल न लावताच बंद केलं. शनिवारी सकाळी तो रायफल घेऊन एकटाच टेकडीवर बहिणीकडे गेला. भेट म्हणून देऊन टाकायची, असं त्याने मनाशी ठरवलं होतं. त्यागाचं चार वाक्यांचं भाषणही त्याने गाडीत बसून तयार केलं. विमावाल्याची सवय जात नाही.

ओपल अंगणात उभी होती, हातात खुरपं. त्याने पहिलं वाक्य सुरू केलं.

"बरं झालं आणलीस," तिने मध्येच तोडलं. "कोठाराखाली ग्राउंडहॉग शिरलाय. घुशीच्या दसपट आहे मेला. माझा सगळा घेवडा खाल्लान. मला केस कापायला गावात जायचंय. इथे बस आणि तो वर आला की मार."

"मी?"

"तू. नाहीतर कोण, आजोबा?"

तिने त्याला एक पत्र्याची खुर्ची दिली, थर्मासमध्ये कॉफी दिली, आणि ट्रक घेऊन निघून गेली. वर्लिन घेवड्याच्या वाफ्यासमोर बसला. ऊन चढलं. बराच वेळाने कोठाराखालून एक तपकिरी डोकं वर आलं, मग सगळं धूड. ग्राउंडहॉग मागच्या पायांवर उभा राहिला, त्याने वर्लिनकडे बघितलं, आणि तो शेंगा तोडून खाऊ लागला. वर्लिनने नेम धरला. डावीकडे वाकलीय, म्हणून थोडं उजवीकडे. गोळी सुटली. ग्राउंडहॉग जेवत राहिला आणि वाफ्याच्या कडेला ठेवलेल्या पाण्याच्या झारीतून बारीक धार लागली. धार बंद करायला वर्लिन धावला, तेव्हा रायफल त्याने कुठे टाकली ते त्याचं त्यालाही कळलं नाही. नंतर सापडली ती ओल्या मातीत, नळी खाली.

ओपल आली तेव्हा तो झारीच्या भोकाला बोट लावून उभा होता.

"ही नवी होती," ती म्हणाली.

"मी आणून देतो दुसरी."

"आण. आणि घेवड्याचं बी पण आण."

तिने रायफल उचलली, नळाखाली धरली आणि आपल्या शर्टाच्या टोकाने कोरडी केली. वर्लिनने बघितलं आणि खिशातला रुमाल खिशातच ठेवला. दोघं पायरीवर बसली. तिने आतून हॅमचे काप घातलेला पाव आणला. खाता खाता त्याने विचारलं, आणि विचारताना बहिणीकडे बघितलं नाही.

"बाबा माझं नाव काढायचे का? शेवटी?"

ओपलने घास संपवला. तिला खोटं बोलता आलं असतं. गोधडी मंडळात बसून बसून बायका ते शिकतात.

"आधी काढायचे. दाराकडे बघायचे. मग त्यांना माणसं ओळखू येईनात. मलाच वर्लिन म्हणायला लागले. 'वर्लिन, पाणी दे. वर्लिन, खिडकी लाव.'"

"मग?"

"मग काय. मी ओ द्यायची. पाणी द्यायची."

वर्लिन हातातल्या पावाकडे बघत राहिला. त्याच्या नाकातून पाणी आलं, तेव्हा त्याने खिशातला तो मऊ, स्वच्छ रुमाल काढला आणि त्यात तोंड लपवून बराच वेळ तसाच बसला. ओपलने त्याच्या पाठीवर हात ठेवला नाही. तसलं काही त्यांच्या घरात कुणी कुणाला करत नसे. तिने फक्त आपली कॉफी त्याच्याकडे सरकवली, कारण त्याची निवली होती.

कोठाराखालून पुन्हा डोकं वर आलं.

"आला बघ," ती हळूच म्हणाली. "आता तरी नीट मार. आणि ऊन डोळ्यांवर येतंय म्हणू नकोस, सावलीत बसलायस."

वर्लिनने रुमाल खिशात घातला आणि रायफल उचलली. या खेपेला गोळी कोठाराच्या भिंतीत गेली. ओपल हसली. थोड्या वेळाने वर्लिनही हसला. ग्राउंडहॉग त्या उन्हाळ्यात मेला नाही; वर्लिन मात्र दर शनिवारी तो मारायला जात राहिला, आणि घेवडा त्या दोघांना दुकानातून विकत आणून खावा लागला.